गॉर्डी मागे पडतो

१४ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिस्टर लाहती, रक्तदाब फार वाढलाय. राग माणसांवर काढू नका, वहीत काढा. आणि पुढच्या वेळी येताना वही घेऊन या." ही ती वही. घ्या वाचून.

आज पुन्हा मासे. तीन तास अर्विडच्या बारमध्ये गिटार वाजवली, थंडीने बोटं चिरली, आणि शेवटी अर्विड हात पुसत म्हणतो, "वेन, या आठवड्यात गल्ला बसलाय रे. तू आणि मार्नी तळलेला मासा खाऊन जा, बिअर माझ्याकडून." मी सेहेचाळीस वर्षांचा घोडा. दिवसभर या डुलुथ गावाचा बर्फ ट्रकने ढकलतो, रात्री वाजवतो, आणि मोबदला काय, तर मासा! घर गरम ठेवायची भट्टी काय काट्यांवर पेटवू? तरी खाल्ला. चांगला होता, त्याचा आणखी राग आला.

गाडीत मार्नी म्हणाली, "शनिवारी घरी ये. आपल्या गाण्याचे पैसे मिळायची एक वाट सापडली आहे." मार्नी माझी धाकटी बहीण. आमच्या 'आईस आऊट' बँडची गायिका. बँड म्हणजे आता ती, मी आणि मागे ठेक्याची एक डबी. बास वाजवणारा टॉइवो ॲरिझोनात जाऊन उन्हात बसलाय. ड्रमवाल्याबद्दल या वहीत लिहिणार नव्हतो, पण लिहावं लागणार असं दिसतंय.

१६ जानेवारी, शनिवार

सहाला बोलावलं होतं. साडेपाचला पोचलो तर दार उघडायला कुणी नाही. बाहेर उणे वीस, मी पायरीवर पाय आपटतोय. शेवटी मार्नी डोक्याला टॉवेल गुंडाळून आली.

"वेन, सहा म्हटलं होतं मी."

"मग साडेपाचला कोण न्हातं?"

अख्खं जग उशिरा चालतं आणि वर मलाच ऐकवतं.

आत टीव्हीसमोर एक प्लॅस्टिकची गिटार. तिला तारा नाहीत! मानेवर पाच रंगीत बटणं आणि पोटाशी एक पट्टी. पडद्यावर रंगीत टिकल्या घसरत खाली येतात. टिकली रेघेवर आली की त्या रंगाचं बटण धरून पट्टी हलवायची. वेळेवर हलवली तर गाण्यातली गिटार वाजते, चुकलं तर ती गप्प होते, फार चुकलं तर पडद्यातले लोक हुर्यो करून तुम्हाला बाहेर काढतात. शेजारी रबराचे ड्रम आणि एक माइक. चौघं मिळून बँड. मी म्हटलं, "मार्नी, हे खेळणं आहे. माझ्याकडे खरी गिटार आहे."

"हो, आणि खरी गिटार तुला मासे देते," मार्नी म्हणाली. "ऐक आता. गेमवाल्यांनी दुकानाचं दार आपल्यासारख्यांना उघडलंय. मागे कंपनी नको, ओळख नको. आपलं गाणं आपणच टिकल्या लावून गेमच्या साच्यात बसवायचं. मग बाकीचे बँडवाले ते खेळून तपासतात. पास झालं की दुकानात. गाणं दोन डॉलरला. त्यातला तिसरा हिस्सा आपला."

"आणि दोन हिस्से?"

"त्यांचे."

"चोर!"

"अर्विड कितवा हिस्सा देतो?"

मी प्लॅस्टिकच्या गिटारची पट्टी दोनदा खटखटवली.

"आणि रेडिओवर गाणं वाजलं की लोक विसरतात," ती म्हणाली. "इथे जमेपर्यंत तेच गाणं पन्नासदा वाजवतात. डोक्यात बसतं. मग सीडी शोधत येतात. तुझ्या तळघरात खोकीच्या खोकी पडलीत ना?"

पडली आहेत. त्यांच्यावर मी बूट वाळत घालतो.

बोलत असताना खालून करवतीचा आवाज येत होता. तिचा नवरा आहे घरात. मी असेन तर तो वर येत नाही, आणि ते बरंच आहे.

२१ जानेवारी, गुरुवार

गेमला सलग गाणं चालत नाही. ड्रम वेगळे, बास वेगळा, गिटार वेगळी, आवाज वेगळा, असं सुटं सुटं द्यायचं. नाहीतर खेळणारा चुकल्यावर एकट्या त्याचंच वाद्य गप्प कसं करणार? आमचं असं नीट रेकॉर्ड झालेलं गाणं एकच, 'सॉल्ट ट्रक'. रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकणाऱ्या माझ्या ट्रकबद्दल मीच लिहिलेलं. आणि त्याच्या मूळ टेपा कुणाकडे? गॉर्डीकडे. गॉर्डन स्कोग्लंड, आमचा जुना ड्रमवाला, मार्नीचा नवरा, माझा मेव्हणा. मी अकरा वर्षं त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही.

डॉक्टरीणबाई, तुम्हीच न्याय करा. गॉर्डी मागे पडतो. माणूस चांगला असेल, लोकांच्या भट्ट्या छान दुरुस्त करत असेल, पण ठेका म्हणाल तर मागे. मी पुढे ओढायचो, हा मागे लोंबकळायचा. आणि 'सॉल्ट ट्रक'मध्ये तर कहर. शेवटच्या धृपदाआधी चार ठोक्यांचं आवर्तन आहे. हा तीनच वाजवतो. एक ठोका सरळ गिळतो! रेकॉर्डिंगमध्येही गिळला, आणि स्टुडिओवाल्या मूर्खाने तसाच ठेवला. पुढे जत्रेत पुन्हा गिळला. माझी सहनशक्ती संपली. मी तिथेच, माइकवर सांगितलं, "लोकहो, आमचा ड्रमर जेवण करून आला नव्हता, म्हणून ठोके खातोय. आजपासून त्याला सुट्टी." लोक हसले. गॉर्डीने काठ्या पँटच्या खिशात खोचल्या आणि गेला. एक अक्षर बोलला नाही. चूक नसती तर बोलला असता ना?

तेव्हापासून थँक्सगिव्हिंगला मी दुपारी जेवतो आणि तो संध्याकाळी. मार्नी एकच टर्की दोनदा गरम करते. दर वर्षी म्हणते, "एकदा एका टेबलावर बसा रे, मला दुसरं काही नको." मी म्हणतो, आधी त्याला माफी मागू दे.

माझा बेत सरळ आहे. टेपा आणायच्या. गॉर्डीचे ड्रम फेकायचे. पुलापलीकडच्या चेट नोवाककडून नवे वाजवून घ्यायचे. चेट चर्चमध्ये वाजवतो, घड्याळासारखा पक्का. गाणं विकलं गेलंच पाहिजे, आणि गॉर्डीशिवाय गेलं पाहिजे.

२४ जानेवारी, रविवार

गेलो त्याच्या गॅरेजात. मार्नी मध्ये उभी, दोन कुत्र्यांची साखळी धरावी तशी. टेपा त्याने जाड कापडात गुंडाळून, वर नाव लिहून, भट्टीपासून दूर कोरड्या फळीवर ठेवल्या होत्या. एवढं कोण जपतं?

"लाहती," तो म्हणाला. नुसतं आडनाव.

"टेपा हव्यात."

"घे. एकच अट. ड्रमला हात लावायचा नाही. आहेत तसे जाऊ देत."

"चुकीसकट?"

"चुकीसकट."

काय उर्मटपणा! चोर तो चोर, वर शिरजोर. मी म्हटलं, गाणं माझं आहे. तो म्हणाला, "आहेच. पण टेपांचे पैसे मी भरले होते." मग मार्नीने माझ्याकडे असं पाहिलं की मी 'बरं' म्हणून टाकलं. गॉर्डीने स्वतः टेपा गाडीत नेऊन ठेवल्या, वर रजई टाकली आणि म्हणाला, "हळू चालव, लाल सिग्नलला थांब." मी काय लहान आहे?

३ फेब्रुवारी, बुधवार

मसणात जावो हा गेम!

टिकल्या लावणं पुढची गोष्ट, आधी ठोके मांडावे लागतात. आम्ही घड्याळ लावून वाजवलं नव्हतं, चार माणसांनी एका खोलीत वाजवलं होतं. त्यामुळे प्रत्येक ठोका कुठे पडला ते संगणकावर हाताने रेघ मारून दाखवायचं. गाणं चार मिनिटांचं. रेघा मारून डोळे गेले. मार्नी म्हणाली, पैसे देऊन करणारे लोक असतात. मी कशाला देऊ?

आणि मांडून बघतो तर काय? रेघा सारख्या अंतरावर नाहीतच! कडव्यात ठीक. धृपद आलं की एकमेकींच्या जवळ येतात, म्हणजे ठेका पळाला. गॉर्डी पळतो! मागे पडणारा माणूस पळायलाही लागला! गिटारचा ट्रॅक शेजारी ठेवून बघितला. माझी गिटार प्रत्येक धृपदाला आधी येते, ड्रम केसभर मागून. मग दोन-तीन ठोक्यांत हा धावत येऊन मला गाठतो, जरा बरोबर चालतो, की मी पुन्हा पुढे. एकदा रेंगाळतो, एकदा धावतो. धड एक काही नाही.

मी मात्र प्रत्येक वेळी पुढेच आहे. एकदाही मागे नाही. याला म्हणतात सातत्य.

१० फेब्रुवारी, बुधवार

आज ते आवर्तन. नुसते ड्रम लावून ऐकले, बाकी सगळं बंद.

हा एक तुकडा सुरू करतो, मोठा, चार ठोके भरतील असा. एक, दोन, तीन, आणि मधेच हात थांबतो. काठी अर्धवट आपटल्याचा आवाज येतो, आणि पुढच्या क्षणी झांज! धाडकन धृपदात. म्हणजे याचा धीर सुटला. चौथा ठोका हातात असताना टाकून दिला. दहादा ऐकलं. दहाही वेळा अंगावर काटा आला. रागानेच आला असणार.

मग गिटार लावली. मी तिसऱ्या ठोक्याच्या शेपटीलाच धृपद धरलंय, जोरात, सगळ्या तारा. म्हणजे मी बरोबर त्याच्या झांजेवर आलोय. हा कुठे उडी मारणार ते मला आधीच कळलं होतं, बघा! याला म्हणतात कान.

ड्रमला हात लावणार नाही असं कबूल केलंय. पण मांडणीला लावणार नाही असं कुठे म्हटलंय? त्या ठिकाणी मी चारच ठोके मांडले. जे असायला हवं ते. आता जगभर जो कुणी हे गाणं खेळेल त्याला दिसेल की पडद्यावर चार आहेत आणि गॉर्डी तीन वाजवतोय. दिलं धाडून तपासायला.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

नापास.

कोण कुठले लोक! एकाने लिहिलं, "दुसऱ्या कडव्यात शिवी आहे, तिथे आवाज बंद करा, लहान मुलंही खेळतात." ती शिवी मी माझ्या ट्रकला घातली आहे, मुलांना नाही. दुसऱ्याने लिहिलं, "शेवटच्या धृपदापासून सगळं एक ठोका सरकलंय. ड्रम सरकलेत, बास सरकलाय, गिटारही सरकली आहे. मांडणाऱ्याला मोजता येत नाही का?"

मला! मोजता येत नाही!

आणि टुसानची एक बास वाजवणारी बाई. तिने पान भरून लिहिलंय. "इथे तीनच ठोके आहेत हो, तीनच मांडा. हे गाण्यातलं सर्वांत भारी ठिकाण आहे. गिटारवाला घाईत एक ठोका आधी घुसतो, आणि तुमचा ड्रमर तुकडा अर्ध्यात टाकून त्याला हवेत झेलतो. मी असं झेलणं फार कमी ऐकलंय. कोण आहे हा माणूस? सध्या कुणाबरोबर वाजवतो?"

भट्ट्यांबरोबर वाजवतो, बाई!

मी उत्तर लिहिलं की तुम्हाला कान नाहीत, तुमच्या वाळवंटात उन्हाने गेले असतील. मार्नीने पाठवण्याआधी वाचलं आणि पुसून टाकलं. मी म्हटलं, "तू कुणाच्या बाजूची?" ती म्हणाली, "गाण्याच्या." तिने टुसानवालीचं पान मात्र छापून फ्रिजवर लावलंय. त्यावर लोणच्याच्या आकाराचं चुंबक.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन मांडले. झक मारत.

६ मार्च, शनिवार

गाणं पास झालं आणि आज दुकानात आलं. पडद्यावर नाव आलं: आईस आऊट, 'सॉल्ट ट्रक'. खाली बारीक अक्षरांत चौघांची नावं. माझं नाव मी तीनदा वाचलं, खोटं कशाला बोलू? वीस वर्षांत आमचं गाणं असं कुठल्या दुकानात मांडलं गेलं नव्हतं.

मार्नीने ओव्हनमध्ये टेटर टॉटचा, म्हणजे बटाट्याच्या गोळ्यांचा, हॉटडिश केला होता आणि हट्ट धरला की पहिल्यांदा आपण तिघांनी खेळायचं. ती गाणार, गॉर्डी रबराचे ड्रम, मी प्लॅस्टिकची गिटार. गॉर्डी वर आला. 'हॅलो' म्हणाला. मीही म्हणालो. मार्नी सारखं डोळे पुसत होती आणि म्हणत होती कांदा कापलाय. टेटर टॉटच्या हॉटडिशमध्ये कुठे एवढा कांदा असतो?

सुरू केलं. माझंच गाणं! माझीच गिटार! टिकल्या मीच लावलेल्या! पहिल्या कडव्यात निम्म्या टिकल्या चुकल्या. दर वेळी पडद्यावर एकच शब्द: 'लवकर'. लवकर, लवकर, लवकर. पहिल्या धृपदात माझ्या बाजूचा पडदा लाल झाला, गिटार गप्प, आणि हुर्यो. मला बाहेर काढलं. माझ्या गाण्यातून!

आता या गेममध्ये अशी सोय आहे की एक जण बाद झाला, तर दुसरा आपली साठवलेली ताकद खर्च करून त्याला परत आणू शकतो. गॉर्डीने एक खास ठोका मारला. मी आत. दुसऱ्या धृपदात मी पुन्हा बाद. गॉर्डीने पुन्हा आणलं. त्याच्या बाजूला एक टिकली चुकत नव्हती आणि तो पडद्याकडे बघतही नव्हता. तो माझ्या हाताकडे बघत होता. तिसऱ्यांदा गेम वाचवू देत नाही. त्या तीनच्या आवर्तनाला मी गेलो तो गेलोच.

मी म्हटलं, "टीव्ही बिघडलाय."

मार्नी म्हणाली, "टीव्हीची जुळवणी करून बघू." एक टिकटिक वाजते, तिच्याबरोबर बटण दाबायचं, मग गेम सांगतो टीव्ही किती उशीर करतो. मार्नीचा आकडा शून्याच्या जरा वर. गॉर्डीचा तेवढाच. माझा शून्याच्या खाली, आणि चांगला खोल! म्हणजे टीव्ही उशीर करत नाही, माझ्यासाठी आधीच वाजतो? असा टीव्ही असतो का कुठे? तीनदा केलं. तिन्हीदा खाली.

"टिकटिक मागे पडते आहे," मी म्हटलं.

मार्नी सोफ्यावर उशीत तोंड खुपसून हसायला लागली. "नाचता येईना..." एवढंच म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. गॉर्डी हसला नाही. तो म्हणाला, "लाव तुझ्या आकड्यावर." लावलं. मला जरा जमायला लागलं, तर मार्नीचा माइक चुकायला लागला, एक ओळ जागेवर पडेना. म्हणजे चूक कुणाची होती ते दिसलंच. ती म्हणाली, "बदला रे, असं कोण गाणार?" गॉर्डी मात्र वाजवत राहिला. दोन-चार ठोक्यांत त्याने बरोबर पकडलं. मी विचारलं, "तुला कसं जमतं?"

"मला सवय आहे," तो म्हणाला.

कसली सवय ते विचारणार होतो, पण हॉटडिश गार होत होता. एका टेबलावर जेवलो. तो मीठ द्यायला विसरला नाही, मी मागायच्या आधीच दिलं. टीव्ही कुठल्या दुकानातून आणला ते उद्या मार्नीला विचारायला हवं. परत करता येईल.

१९ मार्च, शुक्रवार

मार्नीने हिशोब दाखवला. श्रीमंत झालो नाही. पण भट्टीचं तेल भरलं, आणि ते गाण्याने भरलं. वर लोकांचे निरोप. कुणी नॉर्वेतून, कुणी टेक्सासातून. म्हणतात, खेळून खेळून गाणं पाठ झालं, आता पूर्ण अल्बम हवाय. तळघरातली खोकी उघडली. बूट जमिनीवर आले. सबंध शुक्रवार मी पाकिटांवर तिकिटं चिकटवली, जीभ कडू झाली.

पण सगळ्यांचं एकच टुमणं: तीनचं आवर्तन. "ते तीनचं ठिकाण!" "आम्ही तिथे दर वेळी मरतो!" "कुणाला सुचलं हे?" चार ओळींखाली चाळीस लोक भांडतात की ते मुद्दाम केलंय की नाही. मी लिहिलं की मुद्दाम केलंय. मग काय लिहू?

अर्विडलाही वास लागला. म्हणतो, "पुढच्या शनिवारी पूर्ण बँड आण. सातला. दारावर तिकीट लावतो, दाराचे सगळे पैसे तुमचे. मिनियापोलिसहून पोरं गाडी करून येणार आहेत. तो तीनवाला भाग झालाच पाहिजे हं, नाहीतर पैसे परत मागतील." मासा नको का, विचारलं मी. तर म्हणे, मासा विकत घ्यावा लागेल.

मार्नी म्हणाली, "गॉर्डीला विचार." मी म्हटलं, चेट आहे. तिने फ्रिजवरचं चुंबक उगीच सरळ केलं.

२३ मार्च, मंगळवार

सरावाला पाचला बोलावलं, मी साडेचारला वाट बघत. चेट बरोबर पाचला आला. चर्चचा माणूस! टॉइवोने बास वाजवून पाठवला होता, तो स्पीकरवर लावला.

चेट घड्याळासारखा वाजवतो, हे मीच लिहिलं होतं वर. घड्याळासारखाच वाजवतो. मी पुढे गेलो तरी हा आपला तिथेच. मी आणखी पुढे, हा तिथेच. धृपदात तो एका गावात, मी दुसऱ्या. त्याला म्हटलं, "चेट, जरा ऐकत जा." म्हणाला, "मिस्टर लाहती, मी ऐकतोय. तुम्ही मोजा."

मग तीनचं आवर्तन. मी म्हटलं, इथे तीन. त्याने तीन वाजवले, अगदी पाठांतरासारखे. आणि मी? मी दोनवरच घुसलो. पुन्हा केलं. आता तीनवर थांबायचं म्हणून थांबलो तर चार झाले. सात-आठदा केलं. आयुष्यभर मी ते गाणं वाजवलंय आणि मला ते ठिकाण मुद्दाम वाजवता येईना! मार्नी माइक धरून खिडकीबाहेर बघत होती. चेट काठ्या आवरत म्हणाला, "माफ करा, पण तुम्हाला ड्रमर नकोय. तुम्हाला कुणीतरी मागून धरणारं हवंय."

उद्धट माणूस. पैसे दिले आणि घालवून दिला. शनिवार चार दिवसांवर.

२५ मार्च, गुरुवार

सकाळी बर्फ फुटल्यावरचं पहिलं जहाज बंदरात आलं, त्याला वाट द्यायला पूल वर उचलला गेला, भोंगा वाजला. दर वर्षी गावात पैज असते, पहिलं जहाज कधी येणार. मी दर वर्षी हरतो. या वर्षी माझी तारीख आठवड्यापूर्वीच होऊन गेली होती. जहाजंसुद्धा वेळेवर निघत नाहीत.

दुपारी वाद्यांच्या दुकानातून मेट्रोनोम आणला, ठेक्याची टिकटिक करणारं यंत्र. लाकडी, चांगला, नवा. टेबलावर ठेवला, किल्ली दिली, गिटार घेतली. 'सॉल्ट ट्रक' सुरू केलं.

तोही मागे पडतो.

किल्ली परत दिली. जागा बदलली, म्हटलं टेबल वाकडं असेल. जमिनीवर ठेवला. मागेच पडतो. दुकानात फोन केला तर पोरगी म्हणते, "सर, आजवर कुणी परत आणलेला नाही." मग मी मेट्रोनोम बंद केला. भट्टी चालू होती. गेल्या वर्षी ती खडखडत होती. मार्नी म्हणाली होती कुणीतरी पाठवते. मी कामावर असताना कोणीतरी येऊन दुरुस्त करून गेलं होतं. बिल आलंच नाही. तेव्हा मी मार्नीला म्हटलं होतं, बघ, बिल पाठवायलाही लोक उशीर करतात.

फोन केला. गॉर्डीनेच उचलला.

"गॉर्डी, वेन बोलतोय."

"हं."

"शनिवारी अर्विडकडे. ड्रम घेऊन ये."

पलीकडे खण उघडून पेन्सिल शोधल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "किती वाजता?"

"सात."

"म्हणजे तू साडेसहाला येणार."

"येणार. मग?"

"मग मी सव्वासहाला येतो," तो म्हणाला आणि ठेवला.

२८ मार्च, रविवार

डॉक्टरीणबाई, उद्या वही दाखवायची आहे म्हणून कालचं लिहून ठेवतो.

काल मी साडेसहालाही नाही, सहा वीसलाच पोचलो. मुद्दाम. दारात गॉर्डीची गाडी. आत ड्रम मांडून झालेले, झांजेवरची धूळ पुसलेली, आणि तो स्टुलावर बसून कॉफी पीत होता. दुसरा कप शेजारी झाकून ठेवलेला. मी काय बोलावं? जत्रेत माइकवर बोललो त्याबद्दल काहीतरी जिभेवर आलं होतं. कॉफी घेतली. गरम होती.

बार भरला होता. पोरं खरोखर मिनियापोलिसहून आली होती. 'सॉल्ट ट्रक' शेवटी ठेवलं. मार्नी आमच्या दोघांच्या मधोमध उभी राहून गायली आणि मी तिला असं गाताना फार वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या आवर्तनाला सगळी पोरं हात वर करून थांबली होती. ठोका खाल्ला गेला का? गेला. कुणी खाल्ला ते मी इथे लिहिणार नाही, ही वही तुम्ही वाचता. एवढंच लिहितो की मी वळून पाहिलं, तेव्हा गॉर्डीची काठी हवेत अर्ध्यावर थांबली होती आणि डोळे माझ्या हातावर होते. मग झांज वाजली, आणि मी बरोबर तिच्यावर होतो.

तुम्ही विचाराल, राग गेला का? नाही गेला. मेट्रोनोमवाल्या पोरीवर आहे, त्या टीव्हीवर आहे, अर्विडने माशाचे पैसे लावले त्याच्यावर आहे. पण काल संध्याकाळी, अकरा वर्षांत पहिल्यांदा, मला कुणाची वाट बघावी लागली नाही.